मोमीनबाई आणि मॉरल टर्पिट्यूड

शाळेचं नाव सांगत नाही. पुण्यात नाव सांगितलं की समोरचा लगेच "म्हणजे आमच्या आत्याच्या घरामागची का?" असं विचारतो आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. पेठेतली, अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा, एवढं पुरे. या शाळेत बिलकिस मोमीन सगळी नोकरीभर इंग्रजी शिकवत आल्या. जन्म भवानी पेठेतला, सासर तिथून दोन गल्ल्या सोडून, आणि मराठी अशी की सदाशिव पेठेतल्या माणसानंही जरा बेतानं तोंड उघडावं. पहिल्या बाकावरचा मुलगा जांभई देताना दिसला की म्हणायच्या, "मिटा आता. आतलं सगळं पाहून झालं माझं."

शाळेची एक रीत होती. इंग्रजीत काहीही लिहायचं असलं की तो कागद मोमीनबाईंच्या नजरेखालून जायचा. देणगीदाराचे आभार असोत की कुणाच्या पासपोर्टसाठीचा दाखला. मुख्याध्यापक कानडे सर तर वर्गाच्या दारात उभे राहूनच शब्द विचारायचे. बाई शब्द सांगायच्या, वर तो कुठं वापरावा आणि कुठं नाही तेही सांगायच्या. बाईंना त्याचा अभिमान होता, नाही कशाला म्हणा. कशासाठी हवाय हे मात्र त्या कधी विचारत नसत. शेजारणीनं विळी मागितली तर कोणती भाजी चिरणार म्हणून आपण विचारतो का?

दिवाळीच्या सुट्टीआधी कानडे सर असेच दारात आले. "बाई, नैतिक अधःपतन. इंग्रजीत काय म्हणायचं?"

"मॉरल टर्पिट्यूड," बाई फळ्याकडून वळल्यासुद्धा नाहीत.

"मिसकंडक्ट चालणार नाही?"

आता मात्र बाई वळल्या. असा प्रश्न आला की त्यांना स्फुरण चढायचं. "छे हो सर! मिसकंडक्ट म्हणजे नुसती गैरवर्तणूक. उशिरा येणंसुद्धा त्यात बसतं. टर्पिट्यूड म्हणजे नीचपणा. माणूस आतून किडलाय असं म्हणणं. साधा शब्द नाही तो. एकदा लावला की माणूस परत उठत नाही."

"अस्सं. मग हाच बरा," कानडे सर म्हणाले आणि शब्द हातावर लिहून घेऊन गेले. बाईंनी खडू उचलला आणि मुलांना कर्मणी प्रयोग शिकवायला लागल्या.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप होतं. प्रयोगशाळा सहायक श्रीधर पोफळे निलंबित झाला होता.

श्रीधर म्हणजे कसा माणूस, तर शाळेत असूनही शाळेला ज्याची आठवण फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला यायची, असा. काम चोख, बोलणं कमी. त्याचा गुन्हा काय ते सगळ्या शाळेला माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. पावसाळ्यात शिक्षण खात्याची माणसं न सांगता तपासणीला आली होती. कागदावर शाळेत संगणक कक्ष होता, संगणक होते, ते चालवणारी मुलं होती. कक्षाला कुलूप होतं आणि किल्ली श्रीधरकडे, कारण ती खोली प्रयोगशाळेला लागून. साहेब म्हणाले, "उघडा." यानं उघडलं. आत संस्थापकांच्या पंचाहत्तरीचे फ्लेक्स, मोडके बाक आणि एक कॅरम बोर्ड. झालं! किल्ली हरवलीय म्हणून सांग, असं त्याला कुणी आधी पढवलं नव्हतं, आणि आपणहून सुचावं इतका तो चलाख नव्हता.

संस्थेचे सचिव राजसदादा. संस्थापकांचे नातू. वय पस्तिशीचं, पण निवृत्तीला टेकलेले शिक्षकही त्यांना दादाच म्हणत. श्रीधरला घालवायचं हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. पण साहेबांना दार उघडलं म्हणून माणसाला काढता येत नाही, आणि कामचुकार म्हणावं तर प्रयोगशाळेतली एक परीक्षानळी जागची हललेली नव्हती. तेव्हा आरोप असा हवा होता की जो नुसता ऐकला तरी लोकांनी मान खाली घालावी आणि पुढं काही विचारू नये. तसा तो मिळाला. कुणी पुरवला ते आपल्याला माहीत आहे.

मोमीनबाईंना ते कळलं शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी. निलंबित माणसाला आवारात पाय ठेवता येत नाही, म्हणून श्रीधर तिथं त्यांची वाट बघत उभा होता. दाढी वाढलेली. त्यानं आरोपपत्र पुढं केलं. मराठी शाळेतल्या मराठी माणसाला मराठी लोकांनी धाडलेलं पत्र, आणि ते इंग्रजीत. का, तर वजन पडतं. त्यात काय केलं, कधी केलं, कुणाशी केलं, यातलं काही नव्हतं. 'शाळेच्या आवारातील वर्तन' एवढं मोघम लिहून पुढं तो शब्द ठेवून दिला होता.

शब्द वाचताना बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"हे रजिस्टरनं घरी आलं, बाई," श्रीधर सांगू लागला. तो राहायचा हडपसरला. "आमच्या मिसेसनं, शर्मिलानं घेतलं. तिला वाचता येईना, म्हणून शेजारच्या तनयाकडे घेऊन गेली. ती आयटीत आहे. तिनं मोबाइलवर अर्थ बघितला आणि तिलाच सांगायची लाज वाटली. म्हणाली, काकू, घाणेरडं वागणं असं येतंय, बाईबिईचं काहीतरी असेल. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला माहीत. मी जिन्यावर दिसलो की बायका पोरींना आत घेतात हो! माझी अवनी नववीत आहे, तुमच्याच वर्गात."

अवनी बरेच दिवस आली नव्हती. बाईंना वाटलं होतं, ताप असेल.

"मला खरं सांगा. एवढा वाईट आहे का हा शब्द?"

"वाईट आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. खासगी शाळांच्या सेवानियमांत या शब्दाखाली विद्यार्थ्याशी किंवा सहकाऱ्याशी असभ्य वागणं येतं, आणि तसलंच आणखी काही. श्रीधरनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग बाई, चौकशी समितीत माझ्या बाजूनं तुम्ही बसा. एक माणूस आपण सुचवायचा असतो म्हणे. तुम्हाला शब्दांचे अर्थ कळतात. बाकी कुणी माझ्यासाठी तोंड उघडणार नाही."

आत्ता सांग, आत्ता सांगून टाक, असं बाईंचं मन ओरडत होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "बसते."

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. अझीमभाईंचं फ्रेमिंगचं दुकान. माणूस शांत, काचेचं काम करणाऱ्याला असावंच लागतं. "कानडे एप्रिलमध्ये रिटायर होतायत. खुर्ची तुझी आहे. कशाला पडतेस यात?" त्यांनी आधी विचारलं. मग तो शब्द कुणी सांगितला हे ऐकलं. म्हणाले, "श्रीधरला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"जीभच उचलली नाही."

"मग तू नाही सांगितलंस तर दुसरं कुणी सांगेल. आणि ते तुझ्या सोयीनं सांगणार नाहीत, बिलकिस."

बाईंनी एक प्रयत्न करून पाहिला. कानडे सरांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "सर, तो शब्द काढा. काय वाटेल ते लावा, कामात कुचराई लावा, शिस्तभंग लावा. तो माणूस तसा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

कानडे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, शब्द तुमचा. मी आजवर कुणाजवळ तसं बोललो नाही. बोलायची वेळ माझ्यावर आणू नका, एवढीच विनंती." आवाज अगदी मवाळ. पुण्यात धमकी अशीच देतात, 'विनंती' म्हणून. वर त्यांनी चहाही विचारला.

त्या दिवसापासून बाईंचं कशात लक्ष लागेना. शिकवताना मध्येच थांबायच्या. श्रीधरचा फोन आला की वाटायचं, आज कळलं असेल का याला? सांगून टाकावं म्हणून त्यांनी फोन किती वेळा हातात घेतला आणि ठेवला. सांगितलं तर तो दुसरं कुणी शोधेल, आणि दुसरं कुणी नाहीच. नाही सांगितलं तर समितीसमोर निघेल. कसंही केलं तरी मरण त्याचंच होतं, आणि नोकरी गेली असती तर 'नीच' हा शिक्का घेऊन त्याला कुठल्या शाळेनं उभं केलं असतं?

सुनावणी शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांच्याच खोलीत ठेवली. बाहेर बाकावर शर्मिला येऊन बसली होती, हातात पर्स घट्ट धरून. आत एका बाजूला संस्थेतर्फे राजसदादा, दुसऱ्या बाजूला मोमीनबाई. मध्ये श्यामला बर्वे, वारज्याच्या एका शाळेतल्या. नियमाप्रमाणे तिसरा सदस्य राज्य पुरस्कार मिळालेला शिक्षक लागतो, म्हणून त्या. पाण्याची बाटली स्वतःची आणलेली. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. दोन मतं आधीच ठरलेली, म्हणजे श्रीधरचं काय व्हायचं ते बर्वेबाईंच्या हातात होतं. कानडे सर टिपणाला.

"कुणाशी?" मोमीनबाईंनी सुरुवातच केली.

"म्हणजे?" राजसदादा म्हणाले.

"या शब्दाखाली विद्यार्थ्याशी नाहीतर सहकाऱ्याशी असभ्य वर्तन येतं. तर कुणाशी केलं यांनी? नाव सांगा."

"बाई, आम्ही तसं म्हटलेलंच नाही."

"मग कसं म्हटलंय?"

"ब्रॉडर सेन्समध्ये. इंटिग्रिटी, ट्रस्ट. संस्थेशी बेइमानी. इट्स अ व्हेरी वाइड टर्म."

"हडपसरला ती वाइड गेली नाही. तिथं तिचा एकच अर्थ निघाला. यांची पोर शाळेत येईनाशी झालीय, दादा."

बर्वेबाईंनी पहिल्यांदाच मान वर करून राजसदादांकडे पाहिलं. मोमीनबाईंना जरा धीर आला, आणि तिथंच घात झाला. राजसदादा हसले. खुर्चीत मागं रेलले.

"अर्थ काय होतो हे तुम्हाला आधी नव्हतं माहीत? कानडे सर, सांगा ना. शब्द कुणी सुचवला?"

कानडे सर हातातलं पेन बघत म्हणाले, "मोमीनबाईंनी."

श्रीधर हळूच वळला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत होता, आपण चुकीचं ऐकलं असावं अशा चेहऱ्यानं.

"बाई, खरं?"

कुणासाठी ते मला माहीत नव्हतं, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"खरं आहे. सरांनी विचारला, मी सांगितला. हा लावला की माणूस उठत नाही, हेही मीच सांगितलं, मोठ्या हौसेनं. कुणाला लावताय ते विचारलं नाही. आणि कळल्यावर तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. श्रीधर, तुम्ही म्हणालात तर मी आत्ता या खुर्चीवरून उठते."

"मग सदस्य बदलावा लागेल," राजसदादा लगेच म्हणाले. "पुढची तारीख घेऊ. यांनी नवीन नाव द्यावं. मिळालं तर."

श्रीधरनं हातातल्या आरोपपत्राची घडी उलगडली, परत घातली.

"बसा," शेवटी तो म्हणाला. त्यांच्याकडे न बघता. "तुम्ही काढलाय ना तो शब्द? मग त्याचं काय करायचं ते तुम्हीच करा."

बाईंनी पदर सावरला. "आजच्या कामकाजाचं टिपण शेवटी वाचून त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात, बरोबर? ते मराठीत लिहू. आरोपसुद्धा मराठीत. एकच वाक्य. श्रीधर पोफळे यांनी अमुक केलं, आणि ते नीचपणाचं आहे. मग ते मोठ्यानं वाचू. यांच्या मिसेस बाहेर बसल्यात, त्यांना आत घ्या. त्यांच्यासमोर वाचू, आणि मग मी सही करते."

"त्यांचा इथं काय संबंध?" राजसदादांचा आवाज चढला.

"त्यांच्याच हातात दिलं ना पोस्टमननं तुमचं पत्र?"

बर्वेबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. "बोलवा त्यांना," त्या म्हणाल्या.

शिपाई मथुराबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं कानडे सरांच्या होकाराची वाट पाहिली नाही. "या हो वहिनी," म्हणून शर्मिलाला सरळ आत घेऊन आली. शर्मिला भिंतीला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

कानडे सरांनी कागद ओढला. "काय लिहू, दादा?"

"लिहा... श्रीधर पोफळे यांनी..." राजसदादा थांबले. त्यांची नजर शर्मिलाकडे गेली आणि परत फिरली. "यांनी, तपासणी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून, परवानगी न घेता, संगणक कक्षाचं कुलूप..."

"उघडलं," बर्वेबाईंनी वाक्य पुरं केलं. "लिहा सर. आणि आत काय होतं तेही लिहा, म्हणजे उघडण्यात नीचपणा कसा तो वाचणाऱ्याला कळेल."

राजसदादांनी मोबाइल उलटा करून ठेवला, परत सुलटा केला.

"की दुसरं काही आहे?" बर्वेबाई विचारत होत्या, वर्गात गृहपाठ विचारावा तशा. "असलं तर तेही लिहा. बाईचं नाव घाला. मी थांबते."

शर्मिला एकटक राजसदादांच्या तोंडाकडे बघत होती. कानडे सरांचं पेन कागदावर टेकलेलं आणि हलत नव्हतं.

"मग आरोप सिद्ध नाही, असं लिहा," बर्वेबाई म्हणाल्या. "माझी सही त्याखाली होईल. मोमीनबाई, तुमची?"

मोमीनबाईंनी मान हलवली. दोन विरुद्ध एक. श्रीधर पुढच्या आठवड्यात कामावर हजर झाला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर जूनमध्ये भलतंच कुणी बसलं, पण ते होणारच होतं, त्याचं रडगाणं इथं नको.

खरी अडचण वेगळीच होती. समितीचा निकाल शाळेच्या फायलीत गेला. हडपसरच्या बिल्डिंगमध्ये निकाल कोण वाचतो? तिथं तो शब्द जसाच्या तसा होता, आणि अवनी अजूनही शाळेत येत नव्हती. श्रीधर समोरून आला की बाईंना नमस्कार करायचा, त्यापुढं काही नाही. शेवटी एका रविवारी सकाळी मोमीनबाईंनी बस पकडली आणि हडपसर गाठलं.

बिल्डिंगच्या फाटकाशी भाजीची हातगाडी उभी होती, भोवती बायका. वर्गात लावायच्या तो आवाज बाईंनी लावला. "जरा ऐकता का? मी अवनी पोफळेची इंग्रजीची बाई. तिच्या वडिलांवर जो शब्द आला, तो मी सांगितलेला. तो खोटा होता. त्यांनी खऱ्याच्या बाजूनं एक कुलूप उघडलं, बाकी काही केलेलं नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, त्या पोरीला नको."

कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस चाललेली थांबली. एक तरुण मुलगी पुढं आली, डोळे खाली घालून. "मॅडम, मी तनया. मी फक्त गूगल केलं होतं."

"मीही विचारल्यावर फक्त सांगितलंच होतं," बाई म्हणाल्या आणि जिना चढल्या.

दार शर्मिलानं उघडलं. गॅलरीतून तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं बाईंना बसवलं आणि स्वतः समोर बसली. आत भांड्यांचा आवाज येत होता, श्रीधर चहा टाकत असावा.

"खाली बोललात ते बरं केलंत, बाई," ती म्हणाली. "त्या बायका काय, आज बोलतील आणि उद्या विसरतील. त्यांचं नाही मला काही." मग तिनं आत बघून आवाज बारीक केला. "पत्र आलं ना, तेव्हा सगळ्यात आधी मीच विचारलं यांना. कोण आहे ती, म्हणून. अवनीच्या देखत विचारलं. हे म्हणाले, कुणी नाही. मी परत विचारलं. मग रोजच विचारायला लागले. एवढ्या शिकलेल्या लोकांनी लिहिलंय, म्हणजे काहीतरी असेल ना हो? सुनावणीला बाकावर बसले होते ना मी, ती यांना साथ द्यायला नाही. आतून नाव कानावर पडेल म्हणून बसले होते. बर्वेबाई बाईचं नाव घाला म्हणाल्या, तेव्हा माझा जीव त्या दादाच्या तोंडाकडे लागला होता. कमिटीनं नाही म्हटलं, मग मी विचारायचं थांबले. हे सांगत होते तेव्हा नाही थांबले."

मोमीनबाईंनी शर्मिलाचा हात धरला, पण तो हात तसाच गार पडून राहिला.

आतून श्रीधर चहा घेऊन आला. आतलं घर ते केवढं, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं एक कप बाईंसमोर ठेवला, एक शर्मिलासमोर, साखर बघा म्हणाला. स्वतःचा कप घेऊन तो गॅलरीत गेला आणि तिथंच, त्यांच्याकडे पाठ करून, उभ्यानं प्यायला.